कवळीवाल्याचं मत

"आवडला, नाही आवडला, की सांगता येत नाही?"

चार दिवसांत हा प्रश्न तिने इतक्यांदा विचारला होता, की तोंड आपोआप चालायचं आणि मन कुठेतरी पाय पसरून बसलेलं असायचं. चित्रपटगृहाच्या बाहेर पडायच्या दाराशी उभं राहायचं, खेळ सुटला की लोकांची मतं कागदावर उतरवायची आणि दुपारच्या खेळानंतर ते कागद वितरकाच्या ऑफिसात पोचवायचे, हीच तिची नोकरी. ऑफिसातल्या मैत्रिणी तिला 'मतवाली' म्हणायच्या. हे मतवालेपण हल्ली तिच्या पायांच्या पोटऱ्यांत उतरलं होतं.

चित्रपट हिंदी होता. एकमेकांवर जीव टाकणारं जोडपं आणि त्यांचं मूल आपल्या पोटात वाढवणारी, बायकोची शाळेतली मैत्रीण. शेवटी मैत्रीण बाळ देऊन रिकाम्या रस्त्याने निघून जाते आणि पडदा अंधारतो. लोक बाहेर यायचे ते निम्मे डोळे पुसत, निम्मे भांडत.

"नऊ महिने वागवलेलं लेकरू कुणी असं देतं होय? काहीतरीच!" एक आजीबाई कडाडल्या.

"काय काळीज आहे हो तिचं!" एक नवरा म्हणाला. "काळीज तिचं आणि नाव त्यांचं," त्याच्या बायकोने तिथल्या तिथे सुनावलं.

"ज्या बाईच्या नशिबातच नाही, तिने गप्प बसावं. उगाच दुसरीच्या पोटाला त्रास कशाला?" एक गृहस्थ म्हणाले.

तेही तिने वळणदार अक्षरात लिहून घेतलं. दोन वर्षांपूर्वी एका शस्त्रक्रियेत तिचं गर्भाशय काढून टाकलं होतं. ठरलेलं लग्न "मुलगी लाखात एक आहे, पण..." एवढ्यावर मोडलं होतं. हे त्या गृहस्थांना कुठे ठाऊक असणार?

सगळे गेल्यावर तो आला. शेवटचा, रेंगाळत. सडपातळ, चष्मेवाला, नखांत पांढरी भुकटी अडकलेली.

"सांगता येत नाही," तो म्हणाला.

"बरं." ती खूण करणार, तेवढ्यात तो थांबलाच.

"तुम्हाला कसा वाटला?"

ती क्षणभर गोंधळली. चार दिवसांत तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. "मी... मी फक्त विचारते. सांगत नाही."

"सोयीची नोकरी आहे," तो हसला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर! सोबत खणखणीत आवाजाची, ठसठशीत बाई होती.

"आवडला नाही!" प्रश्न पुरा व्हायच्या आत बाई बरसल्या. "लिहा. म्हणावं, तिला रडत रडत कशाला पाठवलीत? मी माझ्या भावजयीचं मूल नऊ महिने पोटात वाढवून तिला दिलं, घरी आले आणि दोन दिवस नुसती झोपले! माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटत होती. ते नाही दाखवलं कुणी."

तिची पेन्सिल थांबली. तो हळूच म्हणाला, "माझी ताई. आणि माझं उत्तर कालचंच."

तिसऱ्या दिवशी त्याच्यासोबत दुसरीच बाई होती. नाजूक, अबोल. त्याची वहिनी. तिने कागद जवळ ओढून वाचला. मग म्हणाली, "आवडला. पण त्यात ती आई किती लवकर हसायला लागते हो... मला वर्ष लागलं. कुणीही बाळाला घेतलं, की वाटायचं, यांना माझ्याहून चांगलं जमतंय." आणि ती भरभर पायऱ्या उतरून गेली.

"दोघींना एकत्र का नाही आणलं?" न राहवून तिने विचारलं. हा प्रश्न काही कागदावर नव्हता.

"एकमेकींशेजारी बसून बघायचा धीर नाही म्हणाल्या. म्हणून आधी मी एकटा बघून गेलो, मग एकेकीला आणलं. तीनदा तेच रडगाणं! आता संवाद पाठ झालेत." त्याने चष्मा पुसला. "उद्या दुपारी काम संपल्यावर... कॉफी घ्याल? मी कवळ्या बनवतो. दिवसभर दातांशी बोलतो, ते उत्तर देत नाहीत."

ती चक्क हसली. किती दिवसांनी, तिचं तिलाच आठवेना.

दुसऱ्या दिवशी कागद देऊन ती परत आली, तेव्हा तो बाहेरच्या दालनातल्या बाकावर दोन पेले घेऊन बसला होता. काचेपलीकडे भुरभुर पाऊस होता. तिने घोटभर कॉफी घेतली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. शस्त्रक्रिया, मोडलेलं लग्न, सगळं. "आधीच सांगितलेलं बरं. उगाच तुमचा वेळ नको जायला."

"अहो, मी फक्त कॉफीचं विचारलं होतं!"

ती कानापर्यंत लाल झाली. मग त्याचंही हसू विरलं.

"खोटं नाही बोलत," तो म्हणाला. "मला मुलं आवडतात. पुतण्या दिवसभर माझ्याच खांद्यावर असतो."

ती पर्स उचलू लागली. वाटलं, पुन्हा तोच 'पण'.

"थांबा ना! पूर्ण ऐका. तो जन्मला तेव्हा अख्ख्या गावाला मत होतं. ताई थोर, वहिनी बिचारी. त्या दोघींना मात्र कुणी काही विचारलं नाही. मीसुद्धा नाही. घरात बाळ रडायचं आणि दोन बायका गप्प. वर्षभर! मूल नसलं तर नसेल, त्याचं काय ते दोघांनी मिळून ठरवता येईल. गप्प घर मात्र मला पुन्हा नको." तो अडखळला. "तुम्ही तर... पहिल्याच कॉफीला सगळं बोललात."

दोन वर्षं कण्यात धरून ठेवलेलं काहीतरी सैल झालं होतं आणि आता नुसता थकवा उरला होता.

"मी दमलेय हो," ती म्हणाली. "खूप."

"मग टेका जरा. मला कुठे जायचं नाहीये."

बाकाला पाठ होती, पण तिने डोकं त्याच्या खांद्यावर टेकवलं. पाच मिनिटंच, असं म्हणत ती गाढ झोपली.

जाग आली ती पुढचा खेळ सुटल्याच्या गलक्याने. लोक हुज्जत घालत समोरून जात होते. कॉफी गार झाली होती. तो जसाच्या तसा बसला होता, मान अवघडलेली, चष्मा नाकावर घसरलेला. तो वर सारायलाही त्याने हात हलवला नव्हता.

तिने बोटाने तो चष्मा हलकेच वर सरकवला.

"मला तू आवडतोस," ती म्हणाली.