टाकी तरंगू लागली तेव्हा

तळघरातून कण्हल्यासारखा आवाज आला आणि शाल्मली दचकली.

नदीवरचा बर्फ फुटून दुपारी पाणी गावात शिरलं होतं. कॅनडातल्या त्या थंडगार गावात अजून काही घरं तेल जाळून गरम ठेवत. शाल्मलीच्या घरातली तेलाची लोखंडी टाकी तळघरात होती. आईबाबा पुलापलीकडे अडकलेले. घरात ती, तिचे शास्त्रज्ञ आजोबा आणि ढब्बू नावाचा यंत्रमानव, एवढेच. आजोबांनी तळघराची वीज आधीच तोडली होती.

वरच्या पायरीवरून शाल्मलीने विजेरीचा झोत टाकला. काळ्या पाण्यात टाकी डुलत होती.

"आजोबा, एवढं जड लोखंड तरंगतंय कसं?"

"रिकामी बादली पाण्यात दाबलीस तर काय होतं?"

"हाताला वर ढकलते."

"तेच उत्प्लावक बल (पाण्याचा वर ढकलणारा जोर). वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका तो जोर असतो. टाकी अर्धी रिकामी आहे. पाणी चढतंय तसा जोर वाढतोय."

"आणि ती पूर्ण उचलली गेली तर?"

आजोबांनी टाकीतून तेल नेणाऱ्या नळीकडे बोट दाखवलं. "नळी तुटेल. तेल पाण्यात मिसळेल, मग आपल्या विहिरीत."

शाल्मलीने झोत नळीवर धरला.

"मी उतरतो," ढब्बू म्हणाला. "छातीच्या वर पाणी गेलं, तर मात्र मी बंद पडेन."

त्याने आधी नळीची तोटी बंद केली. टाकी पुन्हा कण्हली. शाल्मली घाबरली होती, पण तिचा विचार थांबला नव्हता.

"पाणी वर ढकलतंय, तर आपण खाली दाबून धरायला हवं. टाकी आणि छताची तुळई यांच्यामध्ये लाकूड ठोकलं तर?"

आजोबांनी लगेच गॅरेजमधले जाड ओंडके आणून ढब्बूकडे दिले. त्याने एक ठोकून बसवला, मग दुसरा. पाणी त्याच्या छातीला टेकलं. तुळई करकरली. शाल्मलीने डोळे मिटून घेतले.

आवाज थांबला. टाकी जागेवर होती.

"ढब्बू, वर ये ना," ती कसंबसं म्हणाली. तो निथळत वर आला, तेव्हा तिने त्याला घट्ट मिठी मारली.

तेल बंद केल्यामुळे घर गारठू लागलं. तिघं एका गोधडीत बसले.

"टाकी भरलेली असती तर?" शाल्मलीने आजोबांना विचारलं.

"कमी उचलली गेली असती. पण तेल पाण्याहून हलकं, म्हणून ती जमिनीला बांधायलाच हवी. उन्हाळ्यात आपण पट्टे लावू. पुढे जमिनीखालची ऊब पंपाने वर आणून घर तापवू, मग टाकीच नको."

उतारावरच्या घरांत पाणी अजून पोचलं नव्हतं. शाल्मलीने तिथल्या शेजारणीला फोन लावला.

"मार्था आंटी, तुमची टाकी बांधलेली आहे का? नसेल तर सांगते काय करायचं. अजून वेळ आहे."