मेंढपाळाचं जहाज

सगळं थिएटर हसायच्या आधी एकटाच माणूस हसला... आणि मागच्या खोलीत बसलेल्या दुभाषी मुलीचा पारा चढला.

महोत्सवातले परदेशी सिनेमे लोकांना आपल्या भाषेत कळावेत म्हणून ती बटण दाबून पडद्याखाली एकेक ओळ सोडायची. तिने बटण दाबलं की लोक हसायचे, हा तिथला शिरस्ता. मग ओळ यायच्या आधीच खो खो हसणारा हा उपटसुंभ कोण?

मध्यंतरात तिने त्याला कॉफीच्या काउंटरपाशी गाठलं.

“तुम्ही आधी का हसता?”

“भाषा येते म्हणून. मी जहाजावर इंजिन सांभाळतो, आमचे खलाशी सगळे तिकडचेच.” तो जरा घुटमळला. “एक विचारू? म्हातारी नातवाला ‘गाढवा’ म्हणाली. तुम्ही ‘बाळा’ लिहिलंत.”

“लाडानं म्हणाली ती!”

तो ओठातल्या ओठात हसत म्हणाला, “हो की... लाडानंच म्हणाली.”

वाद घालून मग कबूल करणारा माणूस तिला आजवर भेटला नव्हता. दुसऱ्या दिवशी तो थिएटरच्या मागच्या खोलीत तिच्या शेजारच्या खुर्चीवर होता. कॉफीचे दोन कप घेऊन, न विचारता.

महोत्सव मावशीचा. आईची धाकटी बहीण, पण धाक थोरलीचा. आपल्या भाषेतल्या ओळी म्हणजे तिच्या मते नसती उठाठेव. भाचीनं भांडून, रुसून, शेवटी हात जोडून यंदा परवानगी मिळवली होती, तीही अटीवर. पडद्यावर नाही असं एक अक्षर जरी लोकांच्या पदरात पडलं, तर पुढच्या वर्षीपासून बंद.

आणि शेवटच्याच सिनेमाला घात झाला. आलेली प्रत ठरल्यापेक्षा लांब निघाली. मधले कितीतरी प्रसंग नवे होते आणि त्यांना ओळीच नव्हत्या. बाहेर रांग लागलेली.

“रद्द करते,” मावशी म्हणाली.

“मुळीच नाही. आम्ही दोघं माइकवर बोलू. बायका मी, पुरुष हे.”

“मला विचारलंत?” तो म्हणाला.

“नाही. बसा.”

माइक एकच. त्यामुळे खांद्याला खांदा लागला, आणि ती उगीचच कागद सारखे करत राहिली. सुरुवातीला लोकांची चुळबुळ झाली, पण मग थिएटर शांत झालं. पडद्यावरचा मेंढपाळ बोलायचा तेव्हा याचा आवाज यायचा. पडद्यावरची ती चिडायची तेव्हा हिचा. भांडण इतकं रंगलं की आपण अनुवाद करतोय की भांडतोय हेच तिला कळेना.

मग एक लांबलचक मुका प्रसंग आला. मेंढपाळ खाली मान घालून पाव चावत होता. इकडे खोलीत माइक चालू आहे हे विसरून तो तिच्याकडे वळला...

“मला जहाजावर जायचंय,” सगळ्या थिएटरला ऐकू आलं, “पण परत यायचं ते तुझ्याकडे.”

मेंढपाळाच्या तोंडात घास होता. समुद्र तर त्या सिनेमात औषधालाही नव्हता.

“जहाज कुठून आलं हो?” कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

तिने तळहातानं माइक झाकला. “सिनेमा संपेपर्यंत,” ती कुजबुजली, “पडद्यावर आहे तेवढंच बोल.” आणि पुढचं वाक्य तिने जराही न अडखळता म्हटलं.

दिवे लागले तेव्हा मावशी दारातच उभी होती.

“ते जहाजाचं वाक्य सिनेमात होतं का?”

“म्हणजे मूळ संवादात...” त्याने सावरायला सुरुवात केली.

एक ‘हो’ म्हटलं की सगळं निभावलं असतं. ती भाषा त्या दोघांखेरीज कुणाला येत होती? पण खरी ओळ लोकांपर्यंत पोचावी म्हणूनच तर ती वर्षभर झगडली होती.

“नव्हतं,” ती म्हणाली. “ते माझ्यासाठी होतं.”

“अट आठवते ना?”

“आठवते. मोडली. कर बंद. मी पुढच्या वर्षी पुन्हा भांडायला येईन, मावशी. त्याच्या पुढच्या वर्षीही येईन.”

मावशीनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. बाहेर पायऱ्यांवर लोक अजून मेंढपाळावरून वाद घालत होते, तेही आपल्याच भाषेत.

“घरी येच, बघते तुला,” ती पुटपुटली. “आणि पुढच्या वर्षी हा माइकच्या आसपास दिसता कामा नये.” ती तरातरा निघून गेली.

म्हणजे पुढचं वर्ष होतं! भाचीला हसूही आलं आणि डोळेही भरले.

त्याचे कान लाल झाले होते. “माफ कर. चूक झाली.”

“कुठली? बोललास ती, की माइक चालू ठेवलास ती?”

“माइकची.”

तिने हात लांब करून माइक बंद केला.

“मग आता सावकाश, माझ्याकडे बघून म्हण. माझं उत्तर ‘हो’ आहे... पण मला ते नीट ऐकायचंय.”