आनशेलच्या व्हायोलिनमधली खरखर

हे खरं घडलेलं आहे. झेलिग माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. थापा मारायला लागते तेवढी जीभच त्याला नाही.

आणि यात अंधारी रात्र वगैरे काही नाही. हैफा शहर, एप्रिल १९९८. सगळं भरदिवसा घडलं.

झेलिग व्हायोलिनं दुरुस्त करतो. पेसाहच्या सणाआधी फ्रुमाबाई त्याच्या दुकानात आल्या. सत्तरीच्या असतील. त्यांचा भाऊ आनशेल नुकताच वारला होता. आम्हा ज्यूंमध्ये सुतकाचे तीस दिवस संगीत कानावर पडू द्यायचं नसतं. एकतिसाव्या दिवशी बाई त्याचं व्हायोलिन घेऊन हजर.

नाझींच्या छळछावणीत आनशेल फाटकाशी उभा राहून हेच व्हायोलिन वाजवायचा. सकाळी कैदी कामाला निघाले की, आणि संध्याकाळी परतले की. सुटका झाल्यावर पन्नास वर्षं त्याने ते कोणापुढे वाजवलं नाही. वरच्या फळीला गेलेला तडाही कोणाला बुजवू दिला नाही.

"आमच्या आईची एक अंगाई होती," बाई म्हणाल्या. "लहानपणी तो वाजवायचा. मरण्याआधी एकदा ऐकायचीय, याच व्हायोलिनवर. होईल ना रे?"

"होईल, मावशी. छावण्यांत मेलेल्यांच्या स्मृतिदिनाला या. त्यांच्यासाठी सकाळी दहाला शहरभर भोंगा होतो, तो संपला की वाजवतो."

झेलिगने तडा सरसाने जोडला, तारा चढवल्या. दुरुस्त केलेलं लाकूड रोज वाजवून मोकळं करावं लागतं. म्हणून तो रोज दुपारी वाजवू लागला.

पहिल्याच दिवशी सुरांच्या खाली काहीतरी ऐकू आलं...

थप... थप... थप...

ओल्या मातीत शेकडो पाय पडावेत तसं.

गज थांबला की आवाज बंद.

"वरच्या मजल्यावरचे नाचतायत की काय?" त्याने विचारलं.

"वरचे सणाला लेकीकडे गेलेत," माझी बहीण पेसिया म्हणाली. "दाराला कुलूप आहे."

झेलिग कारागीर माणूस. भलतंसलतं त्याच्या मनात आलं नाही. कुठेतरी सांधा सुटला की लाकूड खरखरतं, हे त्याला ठाऊक. त्याने बोटाच्या पेराने सगळीकडे ठोकून पाहिलं. पोकळ वाजलं तिथे सरस घातला, शिकंजा आवळला.

दुसऱ्या दिवशी पाय कमी झाले.

त्याला बरं वाटलं. पुन्हा ठोकलं, पुन्हा सरस.

आणखी कमी.

"व्हायोलिन आहे की आजारी म्हातारी?" पेसिया म्हणाली. "किती पाजशील तिला?"

स्मृतिदिनाला दोन दिवस उरले, तेव्हा एकाच माणसाची चाल शिल्लक होती...

थप... फर्र... थप... फर्र...

एक पाऊल टेकायचं. दुसरं मागून ओढत यायचं.

झेलिगने कान लावला. तड्याच्या अगदी टोकाला केसाएवढी फट राहिली होती.

त्याने तीही बुजवली.

स्मृतिदिनाला, गुरुवारी सकाळी, भोंगा सुरू झाला. तो संपेपर्यंत साऱ्या शहरासारखेच बाई आणि झेलिग दोन मिनिटं उभे राहिले. मग बाई बसल्या आणि झेलिगने अंगाई वाजवली. सूर अगदी नितळ. बाईंनी बाहीतून रुमाल काढला आणि डोळ्यांना लावला.

"फार छळलं हो याने," झेलिग खुशीत म्हणाला. "आत पलटणच चालत होती. एक लंगडा तर शेवटपर्यंत हटेना. परवा त्यालाही घालवला."

रुमाल खाली आला.

"लंगडा?"

बाई उठल्या. हातातली काठी भिंतीला टेकवली. उजवा पाय टाकला, डावा फरशीवरून ओढला. पुन्हा टाकला... पुन्हा ओढला.

"असा?"

झेलिगने होकारार्थी मान हलवली.

"आमचे बाबा," त्या म्हणाल्या. "तेही तिथेच होते. आनशेलला मान वळवून बघायची सोय नव्हती, गोळीच घालायचे. तो वाजवता वाजवता हे पाऊल ऐकायचा. आलं, म्हणजे बाबा आजचा दिवस जगले. एका संध्याकाळी नाही आलं."

त्यांनी काठी पुन्हा हातात घेतली.

"सुटल्यावर आनशेल रोज न्हाणीघरात स्वतःला कोंडून घ्यायचा आणि तोच एक सूर गजाने ओढत बसायचा. मी दार बडवायची. म्हणायची, वेड्या, वाजवायचं तर नीट तरी वाजव."

मग म्हणाल्या, "उघड तो तडा."

"मावशी, आता..."

"उघड म्हणते ना."

त्याने सुरीने सांधा सोडवला. गज ओढला. खरखर आली.

लाकडाची.

पुन्हा ओढला.

लाकडाचीच.

बाई व्हायोलिन घेऊन गेल्या नाहीत. पुढच्या पेसाहपर्यंत त्या जगल्याही नाहीत.

झेलिग आजही रोज संध्याकाळी दाराकडे पाठ करून ते वाजवतो. परवा मी त्याच्या शेजारी बसलो होतो. पेसिया बाजारात गेली होती. सुरांच्या खाली काहीही नव्हतं...

पण गज थांबला, आणि आमच्या मागे, उंबऱ्याशी, कोणीतरी चालता चालता थबकल्यासारखं वाटलं...

"मागे बघ," मी पुटपुटलो.

"तू बघ," झेलिग म्हणाला.

मीही मान वळवली नाही. का, ते मला अजून सांगता येत नाही.