रिकाम्या कॉटची फेरी

दिवा चालू ठेवायचा तर ठेवा, मला फरक पडत नाही. गोष्ट माझ्या मित्राची आहे, टेम्पोवाल्याची. माणूस असा, की भूत समोर आलं तर त्यालाच भाडं विचारेल.

गेल्या फेब्रुवारीतला मंगळवार. अमावास्या वगैरे नव्हती, उगाच मीठमसाला लावत नाही. त्याची भाची परदेशात नर्स आहे. करारच असा, की दोन वर्षं घरी यायचं नाही, आली तर नोकरी गेली. इकडे तिची आई, म्हणजे ह्याची बहीण, मानेखाली लुळी पडलेली. भाचीने मामाला फोनवर गळ घातली, की आईला हवेची गादी नेऊन दे. एकाच कुशीवर पडून राहिलं की पाठीला जखमा होतात आणि त्यातच माणूस जातं. रोग्यांना कुशीवर वळवणं हा तर तिचा रोजचा धंदाच.

हा पोचला रात्री साडेनऊला. बघतो तर सांभाळायला ठेवलेली बाई पंधरा दिवसांपूर्वीच काम सोडून गेलेली. शेजारीण दोन वेळा भरवून, पुसून जायची, बस्स. बहिणीने हे लेकीला कळू दिलं नव्हतं. कळलं असतं तर पोरगी सगळं टाकून धावत आली असती.

"मग तुला कुशीवर कोण वळवतं?" ह्याने विचारलं.

"ती येते की रात्रीची."

शेजारीण तर संध्याकाळीच जायची. आजारपणाने हिचं डोकं फिरलंय, असं ह्याला वाटलं. गादी सकाळी फुगवू म्हणून तो दाराशी आडवा झाला.

मध्यरात्र उलटल्यावर जाग आली. अंधार. कॉट कुरकुरली... थांबली... मग बहिणीचा आवाज.

"हळू गं."

ह्याने बॅटरी लावली. कुणी नाही. बहिणीचं तोंड झोपताना भिंतीकडे होतं. आता ती ह्याच्याकडे बघत होती.

तेवढ्यात फोन वाजला. भाची. अगदी हळू बोलत होती.

"मामा, झोपमोड केली ना? राहवलं नाही. मी इथे परक्या माणसांना कुशीवर वळवते, आणि आईला... इथे मन मोकळं करायला कुणी नाही हो. आमच्या वॉर्डात शेवटची कॉट मोडकी आहे, कुणाला देत नाहीत. फेरी संपली की मी तिच्यापाशी जाते. रिकाम्या गादीवर आई आहे असं समजून, हाताला पावडर चोळून, तिला वळवते. कुणी पाहिलं तर वेडी ठरवतील."

ह्याने बहिणीकडे बघितलं. "कधी... कधी करतेस हे?"

"आत्ताच करून आले."

आईची काळजी करू नकोस म्हणत ह्याने फोन ठेवला. ती तिकडे एकटी, ही इकडे एकटी. मला सांगताना गडी रडला, आणि भीतीने नाही रडला.

उजाडल्यावर त्याने बहिणीची पाठ पाहिली. एक जखम नाही. मधोमध पांढऱ्या पावडरीचा हात उमटलेला. पाचही बोटं. त्याने हलकेच हात लावला... पावडर त्याच्या बोटांना लागली.

अख्खं घर शोधलं त्याने. पावडरीचा डबाच नव्हता.