सान मिसाएलची बाही

"बाही दिसली नाही, तर उतरायचं नाही. खाली तुझी आई हात हलवत उभी असली, तरी नाही."

वेन्सेसला विमान चालवायला शिकवणाऱ्या म्हाताऱ्या कप्तानाचे हे शब्द. कप्तान देवाघरी जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण विमान खाली घेताना वेन्सेसच्या कानाशी तो अजून बोलायचा.

आज खाली बाही नव्हतीच. सान मिसाएलच्या गवताळ धावपट्टीच्या टोकाला नुसता खांब उभा होता. वारा दाखवणारी नारिंगी कापडी बाही गायब.

"त्यासाठीच तर तुम्हाला आणलंय," मागच्या सीटवरून फाबियान नोसा म्हणाला. तो गावाचा कारभारी. नदीनं दोन दिवस प्रवास करून त्यानं त्रिनिदाद शहरात नेलिदा सेमोचं दार वाजवलं होतं. विमानांच्या भानगडी उलगडणारी बेनीच्या मैदानी मुलखात ती एकटीच.

"पहिल्यापासून सांगा," वेन्सेसशेजारी बसलेली नेलिदा म्हणाली.

"नवा कायदा आलाय, बाई. तपासणीत पास झाली नाही ती पट्टी बंद. गेल्या गुरुवारी तपासनीस आले, बाही दिसेना, घिरट्या घालून परत गेले."

"मग पट्टी बाद झाली?"

"नाही. बाही नसली तर एकदा दुसरी तारीख मिळते. ती आहे येत्या शनिवारी. नवी बाही लावू, पण तीही गेली तर संपलं. पण जमिनीत खोट निघाली तर दुसरी तारीख नाही, थेट पुढच्या वर्षी. पट्टी निर्दोष आहे म्हणून मी बायबलवर हात ठेवून शपथ घेतलीय."

"आणि शनिवारीही नाही झालं तर?"

फाबियाननं खाली नदीकडे बोट दाखवलं. "आमच्या पास्तोरामावशीची लेक नार्दा आठव्या महिन्यात आहे. पहिलं बाळ होडीतच गेलं तिचं, दवाखाना गाठायच्या आत. या वेळी विमानानंच न्यायचं ठरलंय."

वेन्सेसनं विमान वळवलं आणि ओढ्यापलीकडच्या अर्नुल्फोच्या पट्टीवर उतरवलं. अर्नुल्फो गुरांचा बडा मालक. त्याची पट्टी कधीच पास झाली होती.

"चोर हाच," वेन्सेस कुजबुजला. "गावची पट्टी बंद पडली की सगळे याच्याच दारात."

विमानापाशी आलेल्या अर्नुल्फोनं ते ऐकलं आणि तो हसला. "माझ्या दारात? पावसात हा ओढा कोण ओलांडणार, तुझा बाप? आणि पट्टी मोडायचीच असती तर चिंधी कशाला चोरू? शंभर गुरं सोडली असती रात्रभर. सगळी पट्टी तुडवून निघाली असती."

"पटतंय," नेलिदा म्हणाली.

गावात शिरताना धक्क्यावर होडीवाला क्रिसोस्तोमो भेटला.

"या, या! मला बेड्या घालायला आलात ना? विमानं बंद तर माझी होडी जोरात, हेच ना?"

"हेच," वेन्सेस म्हणाला.

"अरे, नार्दाचं ते बाळ माझ्याच होडीत गेलं. तिला पुन्हा होडीत बसवायला लावू नका, एवढंच मागतो." तो पाठ फिरवून दोर गुंडाळू लागला. जरा वेळानं न बघताच बोलला, "खांबाचा दोर बघा जाऊन. माझ्यासारखा माणूस सुरीनं कापेल. तिथली गाठ सोडवलीय. दोराची वेटोळी करून ठेवलीत, जपून."

पास्तोराचं घर देवळाशेजारी होतं. तिची पाव-भाकरी सगळ्या गावात प्रसिद्ध. आज मात्र तिनं पाहुण्यांपुढे पाण्यात कालवलेलं कसाव्याच्या कंदाचं पीठ ठेवलं.

"मावशी, कुन्यापे नाहीत?" वेन्सेसनं तोंड पाडलं. "चीजच्या त्या गोल पावांसाठी तर मी उडतो!"

"भट्टीला तडा गेला, लेकरा. मोडून टाकली." अंगणात भट्टीच्या जागी गोल पांढुरका डाग तेवढा उरला होता. भाजक्या लाल मातीचा खडासुद्धा तिथं नव्हता.

नार्दा पोटावर हात ठेवून झोपाळ्यात पडून होती. "आई, बस ना जरा," ती म्हणाली.

"उभीच बरी मी."

संध्याकाळी देवळात जपमाळ झाली. लोरेतोची माता आकाशात उडणाऱ्यांची रक्षणकर्ती. सगळं गाव तिच्यापुढे गुडघे टेकून बसलं. पास्तोरा तेवढी भिंतीला धरून उभी होती, आणि तिच्या माळेचे मणी सगळ्यांच्या आधी सरकत होते.

देवळाबाहेरच्या संत्र्याच्या झाडाला एक पान नव्हतं. बुंध्याशी हिरव्या तुकड्यांची रांग हलत होती. प्रत्येक मुंगीच्या डोक्यावर पानाची कातरलेली छत्री.

"बघा, यांना उतरायला परवाना लागत नाही," वेन्सेस म्हणाला.

नेलिदा त्या रांगेमागून चालत गेली. रांग धावपट्टीच्या मध्यावर पोचून गवतात दिसेनाशी झाली. इथली जमीन राखाडी. तिथं मात्र लाल खडे विखुरले होते.

"कुणी तरी डागडुजी केलेली दिसतेय," वेन्सेस म्हणाला. "चांगलं काम आहे."

"फार चांगलं," नेलिदा म्हणाली. "सकाळी सगळ्यांना देवळात बोलव."

सकाळी सगळे जमले. नेलिदानं बसायला बाक मागितला आणि त्यावर पास्तोराला बसवलं.

"ज्याला पट्टी बाद करायचीय तो पट्टी मोडतो. हे अर्नुल्फोंनी कालच सांगितलं. चोरानं मात्र नेमकी तीच वस्तू नेली, जी नसली तर दुसरी तारीख मिळते. म्हणजे चोराला पट्टी हवी होती. वेन्सेस, बाही नसली तर काय होतं?"

"विमान उतरत नाही."

"तेवढंच हवं होतं तिला. गुरुवारी त्या पट्टीवर चाक टेकू नये."

"तिला?" फाबियाननं विचारलं.

"मुंग्या जमिनीखाली पानं साठवतात. खाली खोल्याच खोल्या पोकळ होतात, वरून गवत तसंच राहतं. चालणाऱ्याला कळत नाही, घोड्यावरच्याला कळत नाही. विमानाचं चाक मात्र आत गेलं असतं. मग ते कुणाला कळलं असेल? जो त्या जमिनीवर गुडघ्यांनी सरकत होता त्याला. मावशी, देवळात सगळे गुडघ्यांवर, आणि तुम्ही उभ्या, गुडघे सोललेल्या माणसासारख्या. नेम न मोडणाऱ्या तुम्ही."

पास्तोरानं माळ मुठीत धरली. "नवस केला होता. पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत गुडघ्यांनी चालेन, माझी नार्दा नीट पोचू दे. बुधवारी पहाटे मध्यावर पोचले आणि गुडघा खचला. हात घातला, तर खांद्यापर्यंत आत."

"आणि भट्टी फोडून त्यात घातलीत."

"एका दिवसात खड्डा भरेना, बाई. विमान दुसऱ्या दिवशी येणार होतं."

"मला का नाही सांगितलंत, मावशी?" फाबियानचा आवाज चिरकला.

"तू शपथ घेतलीस ना रे. तुला कळलं असतं तर तू त्यांना सांगितलं असतंस. खोटं बोलणारा नाहीस तू."

वेन्सेसनं डोकं खाजवलं. "मग बाही गेली कुठं?"

"जपून सोडवलेली वस्तू ठेवायला मावशींना एकच जागा," म्हणत नेलिदानं लोरेतोच्या मातेच्या पायाशी असलेला पडदा बाजूला केला. नारिंगी कापड घडी घालून ठेवलेलं होतं, वर फुलं.

"चोरली नाही," पास्तोरा म्हणाली. "तिच्याकडे ठेवायला दिली."

फाबियाननं ते कापड उचललं. "पण शपथ? माझी शपथ तर खोटी ठरली."

"शनिवारपर्यंत ती खरी करायला तुमच्याकडे वेळ आहे," नेलिदा म्हणाली. "आणि तपासनीस विचारतील तर झालं ते सगळं सांगायचं. भरलेल्या खड्ड्याला नियमात मनाई नाही."

क्रिसोस्तोमो केव्हाच फावडं आणायला पळाला होता. गावानं मुंग्यांचं घर तळापर्यंत खणून काढलं. अर्नुल्फोनं शिव्या देत का होईना, गाडाभर मुरूम पाठवला. शेवटी तोच गाडा भरून, चार बैल जुंपून, त्या जागेवरून पुन्हा पुन्हा फिरवला. चाक कुठंच खचलं नाही.

शनिवारी तपासनीसांनी फाबियानचं सगळं ऐकलं, त्या जागी टाच आपटून पाहिली आणि सही केली.

त्याच दुपारी वेन्सेस विमान घेऊन आला. नारिंगी बाही ताठ उडत होती. नार्दाला उशा लावून मागे बसवलं.

"आई, चल ना तूही."

"मागून येते. होडीनं. इथलं जरासं राहिलंय."

विमान मैदानावरून उठलं, लहान होत गेलं, दिसेनासं झालं. लोक घरोघर पांगले. नेलिदानं मागे वळून पाहिलं तेव्हा पास्तोरा पट्टीच्या मध्यावर, लाल खड्यांपाशी पोचली होती. तिनं पदर खोचावा तसा घागऱ्याचा घोळ खोचला, कपाळावर क्रूस काढला आणि सावकाश गुडघे टेकले. उरलेली अर्धी पट्टी समोर होती.