तबकडीखाली सायकलची ट्यूब

टक्.

गाणं चालू असताना मधेच तेवढासा आवाज झाला आणि आप्पांनी झटकन ग्रामोफोनची सुई उचलली. भुयारी मालगाडी आमच्या गल्लीखालून निघून गेली होती. तबकडी नुसतीच फिरत राहिली.

आप्पा म्हणजे माझ्या लेकीचे, ऋजूचे आजोबा. गल्लीत सगळेच तंबोरे करतात, पण तार छेडल्यावर लाकडानं शेवटपर्यंत बोलत राहावं, तर ते आप्पांच्याच हातचं. तबकडीवर त्यांच्या आईचं गाणं आहे. एकच प्रत, जेमतेम तीन मिनिटांची. यंदा मालगाडी सुरू झाली, ती रात्रंदिवस दर दोन मिनिटांनी जाते. ती गेली की सुई उडते, आणि ओरखडा नको म्हणून आप्पा गाणं तिथंच थांबवतात. शेवटची ओळ वर्षभर कुणी ऐकलेली नाही. त्यात आप्पांचे कान हळूहळू जात चाललेत; डॉक्टरांनी सांगितलंय, दिवाळीनंतर आप्पांना बारीक स्वर ऐकू येणार नाहीत.

म्हणून आप्पांनी महिनाभर खपून यंत्रासाठी नवी बैठक केली होती. मुरलेलं लाकूड, आतून पोकळ, तासून तासून पातळ केलेलं. तरीही टक्.

मुंगी ही आमची सहा पायांची रोबो, दप्तराएवढी. तिनं एक पाय बैठकीला टेकवला, पुढची गाडी जाऊ दिली आणि सांगितलं की कंपन (जागच्या जागी होणारी थरथर) साध्या टेबलावर होतं त्याच्या तिप्पट झालंय.

“सहा पाय, कान एक नाही, आणि मला शिकवतेय,” आप्पा म्हणाले.

“मी पायांनीच ऐकते, आप्पा. बैठक फार सुरेख झालीय. जमीन जे जे म्हणते ते मोठं करून सुईला सांगते. अगदी तुमच्या तंबोऱ्यासारखी.”

आप्पा बैठकीवरून हात फिरवत राहिले. “जन्मभर लाकडाला बोलायला शिकवलं,” ते म्हणाले, “गप्प कसं बसवायचं ते मला कुठं येतं?”

मुंगीनं ऋजूला चार रबरबँड एकमेकांत अडकवायला लावले आणि टोकाला किल्ल्यांचा जुडगा बांधायला सांगितला. हात सावकाश वर-खाली केला, तर जुडगा हाताबरोबर आला. थोडा वेग वाढवला, तर तो हातापेक्षाही जास्त उड्या मारू लागला आणि ऋजूच्या नाकावर आपटला. मग तिनं हात भराभर हलवला. जुडगा जवळजवळ जागचा हलेना.

मुंगीनं समजावलं, की लवचीक आधारावर ठेवलेल्या जड वस्तूला झुलायची स्वतःची एक वारंवारता (एका सेकंदात किती वेळा झुलणार तो आकडा) असते. धक्के त्याच वेगानं आले तर ती जास्तच झुलते. पण धक्के त्याहून पुष्कळ जलद आले तर तिला त्यांच्यामागे धावताच येत नाही. मालगाडी जमिनीला सेकंदाला तीस वेळा हलवते. आपला आधार तीन-चार वेळाच झुलेल इतका मऊ हवा.

ऋजूनं तिच्या छोट्या सायकलची ट्यूब आणली. आप्पांनी ती पंपानं टणक भरली, वर शहाबादी फरशी ठेवली आणि फरशीवर पाण्याची वाटी. गाडी आली. पाणी थरथरलं.

“आप्पा, तुम्ही तार ताणल्यासारखी ट्यूब ताणलीत,” मी म्हटलं. त्यांना हसू आलं. टणक ट्यूब म्हणजे जवळपास दगडच. मुंगीनं सांगितलं तशी त्यांनी थोडी थोडी हवा सोडली. फरशी किंचित डुलेपर्यंत.

गाडी आली. जमिनीवर ठेवलेल्या तांब्यातल्या पाण्यावर वर्तुळं उठली. फरशीवरच्या वाटीत ऋजूचं नाक तसंच्या तसं दिसत होतं.

मग यंत्र फरशीवर बसलं. आप्पांनी सुई ठेवली आणि हात मागे घेतला. मधेच गाडी गेली, मुंगीचा पाय तेवढा थरथरला. गाणं चालू राहिलं. शेवटची ओळ वर चढत गेली, अगदी बारीक झाली. ती थांबल्यावर आप्पांच्या आईनं घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. आप्पांनी डोळे मिटले होते. त्यांनी पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावताना ते मुंगीला म्हणाले, “पुढचा तंबोरा झाला की आधी तुझा पाय लावून बघ.”

ऋजू माझ्या मांडीवर येऊन बसली.

“आई, नको असलेली थरथर आपण अडवली ना?”

“हो.”

“मग आप्पांच्या कानांना हवी असलेली गाण्याची थरथर जायला निघालीय, तिला कसं अडवायचं?”