उभ्या पायाचं माप

अण्णांचे बूट अजून दुकानाच्या उंबऱ्याशीच होते. त्यांना जाऊन बरेच दिवस झाले, तरी ते तिथून उचलायला कोणाचा हात धजत नव्हता. त्या सकाळी त्यांच्या धाकट्या मुलाने ते उचलले आणि तो म्हणाला, "दादा, हे मी नेऊ का? अण्णांची आठवण म्हणून."

थोरल्याने मान वर केली नाही. "ने. सगळंच ने. उद्या सुतार येऊन बाक आणि फळ्या घेऊन जाईल. दुकान बंद करतोय मी."

"बंद? मग करणार काय तू?"

"काहीही करेन. या बाकावर बसून जन्म गेला, पण ज्यांच्यासाठी बसलो त्यांनी एकदाही चांगलं झालंय असं म्हटलं नाही. आता कोणासाठी बसू?"

दोघा भावांत बोलणं तसंही कमीच उरलं होतं. आईच्या आजारपणात अण्णांचे एकट्याचे हात घराला पुरेनासे झाले, तेव्हा थोरल्याची शाळा सुटली आणि तो वडिलांच्या शेजारी चामडं कापायला बसला. धाकटा शिकला, नोकरीला लागला, आणि पहिल्याच सुट्टीत कारखान्यातले विकतचे बूट घालून घरी आला. थोरल्याच्या मनातून ते बूट कधी गेले नाहीत.

अण्णा मात्र शेवटपर्यंत थोरल्याच्याच हातचे बूट घालत. जोड झिजला की म्हणायचे, "नवा कर. साचा आहे ना, त्याच्यावरच कर." त्यांच्या पायाचा तो लाकडी साचा थोरल्याने पहिल्या वर्षी स्वतः तासला होता. नवा जोड पायात घालून अण्णा दोन पावलं चालत, मान हलवत आणि कामाला बसत... बस, एवढंच. हात बसला हं तुझा, एवढं ऐकायला तो आसुसला होता. उलट गिऱ्हाईक आलं की अण्णांचं पालुपद ठरलेलं, "उभं कर त्यांना. बसल्या पायाचं माप घेऊ नकोस." थोरल्याचे केस पिकले तरी तेच. चारचौघांत त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

रोज दुकान उघडण्याआधी अण्णा प्रार्थनेला जात. दारात बूट काढून आत बसले की सगळ्यांच्या शेवटी उठत. शेजारचा शिंपी चिडवायचा, "अहो, देवालाही दुसरी कामं असतात. सोडा आता त्याला." अण्णा हसून म्हणायचे, "बसू दे रे. इथे पायांना जरा बरं वाटतं." लोक म्हणत, म्हातारा फार भाविक आहे. होतेच ते भाविक.

धाकट्याने हातातला बूट खाली ठेवला आणि आपला विकतचा बूट काढून सहज त्यात पाय घातला. "घट्ट आहे रे." त्याने आपला बूट परत चढवला. "अण्णांचा पाय तर माझ्याएवढाच होता."

"आजोबांनाही घट्टच होते," आतून आलेली थोरल्याची मुलगी म्हणाली, आणि लगेच तिने ओठ चावला. शेवटच्या आजारपणात अण्णांचे पाय तीच चेपायची.

"काय म्हणालीस?" थोरल्याने विचारलं.

"त्यांनी सांगू नको म्हटलं होतं, बाबा. त्यांची करंगळी शेजारच्या बोटावर चढली होती. मी म्हटलं, बाबांना सांगते, ते सैल करून देतील. तर म्हणाले, खबरदार. पोराने शाळा सोडली आणि पहिलं काम माझ्या पायाचं केलं. ते चुकलं असं कोणत्या तोंडाने सांगू? मग सांगायची वेळच निघून गेली. आता दुसरे घातले तर ते माझ्या पोराचे वाटणार नाहीत..."

थोरला उठला. खुंटीवरचा साचा काढून त्याने हातात धरला, आणि त्याला तो दिवस दिसला. अण्णा बाकावर बसून टाके घालत होते. शाळा सुटल्याचा राग मनात घेऊन तो खाली वाकला होता आणि त्यांना उठवायचे कष्टही न घेता त्याने माप घेतलं होतं. अंगाचा भार पडला की पाय पसरतो, हे तेव्हा त्याला कुठे ठाऊक होतं!

बसल्या पायाचं माप.

"मी आणलेले मऊ बूट त्यांनी कधी घातले नाहीत," धाकटा हळूच म्हणाला. "मला वाटायचं, माझं त्यांना काही चालत नाही."

थोरल्याने कामाच्या फडक्याने डोळे पुसले, मग साचाही पुसला आणि पुन्हा खुंटीला टांगला.

"त्या सुताराला सांग, येऊ नको म्हणावं," तो मुलीला म्हणाला. मग भावाकडे वळला. "ते विकतचे काढ पायातून."

"आत्ता?"

"काढ म्हणतो ना."

धाकटा स्टुलावर टेकला आणि त्याने पाय पुढे केला. थोरला गुडघ्यावर बसला, पण माप घेईना.

"बसू नकोस. उभा राहा."

धाकटा उभा राहिला. तोल सावरायला त्याने भावाच्या खांद्यावर हात ठेवला. थोरल्याने माप घ्यायची पट्टी पायाभोवती गुंडाळली.

"नीट भार टाक," तो म्हणाला. "नाहीतर मला परत बोलणी बसतील."